पुढच्या सीटवरचा माणूस

सोमवार, ४ फेब्रुवारी
मुक्काम : एका शाळेची व्यायामशाळा

प्रिय ताई,

पोचलो. जिवंत आहे. हातपाय कुठे आहेत ते सकाळी शोधू.

मी सांगतोय आणि ड्रायव्हरदादा लिहितायत, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या आणि थापा माझ्या. (थापा लिहून घेतल्या जाणार नाहीत. – ड्रायव्हर) बघ, असे मध्ये मध्ये येतात. सायकलवरही दिवसभर हेच. पुढून आवाज येतो, "खड्डा", "डावीकडे वळतोय", "चढ आला". मी वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून लोकांना "थांबा, जोडून देतो" सांगत आलो. आता कधी थांबायचं ते दुसराच कोणी मला सांगतो.

काल फाटकात भाषणं झाली ती तू ऐकलीसच. लहान मुलांच्या वॉर्डासाठी पैसे गोळा करायला सायकली निघाल्यात, पण भाषणांत मुलांबद्दल दोन वाक्यं आणि "दृष्टी नसूनही" माझ्याबद्दलच सगळं. दादा माझ्या कानात म्हणाले, "या साहेबांना ब्रेक बसवायचे राहिलेत." मी हसलो, ते फोटोत आलं असणार. तू खांबापाशी उभी होतीस. नाक ओढलंस, त्यावरून कळलं. सर्दी झाली होती असं तू लिहिशील.

तू रागाने सायकलकडे बघितलंसुद्धा नाहीस अशी बातमी आहे, म्हणून समजावून सांगतो. दोघांची सायकल म्हणजे पुढच्याच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर, सगळं राज्य. मागच्याच्या हातात नुसता दांडा. पण दोघांची पायडलं एकाच चेनने बांधलेली. त्यांचे पाय फिरले की माझे फिरणारच, मनात असो वा नसो. त्यांनी जोर लावला की मला तळपायात कळतं, आणि मी चुकारपणा केला की त्यांना.

मांड्यांचं लाकूड झालंय. बसायच्या जागेबद्दल बाईमाणसाला लिहू नये असं दादांचं मत पडलं, म्हणून ते सोडून देतो.

वर्कशॉपवर फोन करणार नाही. तुझा मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघतो, ते मला फोनमधूनसुद्धा ऐकू येतं. पत्र आयोजकांच्या ऑफिसात टाक. सामानाचा ट्रक रोज आमच्या मागून येतो, तो आणून देतो.

तुझा
टिल्लू

(सहा फुटी माणसाला घरी टिल्लू म्हणतात हे आजच समजलं. सगळ्यांना कळवलं आहे. – ड्रायव्हर)

---

गुरुवार, ७ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू, आणि वाचून दाखवणाऱ्यांना नमस्कार.

सर्दीच होती.

मी नको म्हणत होते ते काही सायकलशी वैर आहे म्हणून नाही. आई गेल्यापासून तू माझ्या नजरेआड कधी राहिला नाहीस, आणि निघालास तो एकदम दीड महिन्यासाठी. एखाद्या दिवसाची सहल निघाली असती तर डबा करून दिला असता. असो. गेलास, आता नीट जा.

इथे शाळांच्या गणवेशांचं काम आलंय. मी कॉलरवर बसलेय. दिवसभर कॉलर उलटायची, टोक काढायचं, दाबायची, पुढची घ्यायची. उजवा खांदा संध्याकाळी माझा राहत नाही. घरी येते, चहा करते आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. जाग येते तेव्हा चहावर साय धरलेली असते. मला वाटलं होतं, तू नाहीस तर घर खायला उठेल. तसं काही झालं नाही रे. नुसती झोप येते. इतकी वर्षं ही झोप कुठे दडून बसली होती कोण जाणे.

एक सांगते, ओरडू नकोस. टेबल खिडकीपाशी सरकवलंय. तू धडकशील म्हणून ते कायम भिंतीला चिकटून असायचं. तू यायच्या आधी जागच्या जागी नेईन.

ड्रायव्हरदादा, थंडी आहे, त्याला कान झाकायला सांगा. ऐकणार नाही. "कान झाकले की मी आंधळा होतो" म्हणतो. तरी सांगा. तुमच्याबद्दल मला फार माहिती नाही. त्याच्याच हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवायचात, मागच्या वर्षी रिटायर झालात, एवढंच कानावर आहे. म्हणजे मागच्या माणसाला सांभाळून न्यायची सवय असणार. त्याच भरवशावर मी गप्प बसलेय.

तुझी
ताई

---

रविवार, १० फेब्रुवारी
मुक्काम : धान्याचं रिकामं गोदाम

प्रिय ताई,

तुझं पत्र दादांनी दोनदा वाचून दाखवलं. कान झाकायचं वाक्य मोठ्याने वाचलं, त्यामुळे आता स्वयंपाकाच्या गाडीवरची बाई येता-जाता माझ्या कानांची चौकशी करते. तिला इथे सगळे किचनवाली म्हणतात. बोलणं तिखट, पण उशिरा पोचणाऱ्यांसाठी बटाटे झाकून ठेवते. उशिरा पोचणारे म्हणजे आम्हीच.

आम्ही रोज शेवटचे असतो. आधी नव्हतो. दोन दिवस समोरून वारा आहे. अंगावर कोणी ओला पडदा धरून उभं राहावं तसा. सायकल जड झालीय. आज तीनदा चेन उतरली म्हणे. (चेन जुनी आहे. – ड्रायव्हर) आम्ही पोचतो तोवर बाकीच्यांच्या आंघोळी होऊन गरम पाणी संपलेलं असतं. गोदामाला पोत्यांचा वास आहे आणि जमीन इतकी थंड, की हाडं मोजून घ्यावीत. गप्पाटप्पा आता कोणी करत नाही. सगळे घोरतात, तेही थकल्यासारखे.

किचनवालीने विचारलं, दोघांत जास्त कोण ओढतं? म्हटलं, दोघं सारखंच. (दोघं सारखंच. – ड्रायव्हर)

टेबल राहू दे खिडकीपाशी. मी काय टेबलाशी लग्न केलंय?

आज जास्त सुचत नाही. दमलोय, पण चांगल्या अर्थाने. लिहिणाराही दमलाय.

टिल्लू

---

रविवार, १० फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

हे वेगळं पाकीट पाठवतो आहे. तुमच्या भावाला याची माहिती नाही, तेव्हा उत्तरात उल्लेख करू नये ही विनंती.

त्याच्या तळहातांना फोड आले आहेत. मी बघतो, तो बोलत नाही. जेवण कमी झालं आहे. सायकलवर गाणी म्हणायचा ते बंद केलं. तो थकला आहे ताई. कबूल करणाऱ्यांतला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी थांब म्हणालो तर त्याला वाटेल, दादांना माझं ओझं झालं. तुमचं ऐकेल.

पुढच्या रविवारी घाट आहे. चढही मोठा आणि उतारही. त्याच्या आधी तुम्ही घरी बोलावून घेतलंत तर बरं होईल. तो परतला म्हणजे मलाही परतावं लागेल, दोघांची सायकल एकट्याने चालवून उपयोग नाही. पण त्याचं मला काही वाटणार नाही. माझी काळजी करू नये.

आपला
ड्रायव्हर

---

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पत्र मिळालं. मला वाटतं, आता पुरे झालं. परत ये.

इथे माझे हाल आहेत. खांदा दुखतो, बाजार आणायला कोणी नाही, संध्याकाळी दार उघडलं की घर खायला उठतं. एवढे दिवस चालवलीस तेवढी पुष्कळ झाली. त्या मुलांसाठी ज्यांनी द्यायचं ते देतीलच, तू शेवटपर्यंत गेलास काय आणि न गेलास काय. तुला कोणी नावं ठेवणार नाही. घाटाच्या अलीकडे स्टेशन आहे असं समजलं. तिथून गाडीत बस, मी उतरवून घ्यायला येते.

ड्रायव्हरदादा, तुम्हीही दोन शब्द सांगा त्याला.

तुझी
ताई

---

गुरुवार, १४ फेब्रुवारी
मुक्काम : अग्निशमन केंद्राची मागची खोली

प्रिय ताई,

अक्षर वेगळं दिसेल. किचनवाली लिहितेय. दादा हातपाय धुवायला गेलेत, तेवढ्यात उरकायचंय.

तुझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. मागच्या पत्रात झोप येते आणि या पत्रात घर खायला उठतं. एका आठवड्यात घराला एवढी भूक लागली? आणि "परत ये" वाचताना दादांचा आवाज कसा झाला सांगू? बोर्डावर बाईचं बाळंतपण सुखरूप झाल्याचं कळवलं की पलीकडून येतो ना, तसा. सुटल्याचा. मग म्हणाले, "बहीण म्हणतेय तर जायला हवं बाबा." मी म्हटलं, "बघू." तेव्हाच समजलो की मी थकलोय असं तुला कोणीतरी कळवलंय.

थकलोय, खरंच थकलोय. हाताला फोड आहेत. पण गोष्ट ती नाही ताई. पुढचे पाय जोर लावत नाहीत.

पहिल्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवसापासून कळतंय. सपाटीला नुसते फिरतात. चढाला तेवढेही नाही, माझ्या पायांनी मी त्यांचे पाय फिरवतो. आधी वाटलं, वारा असेल. मग श्वास ऐकला. तोंडाने घेतात, अर्ध्यात थांबतात, मग उरलेला घेतात. आणि ती चेन! थांबतात, "चेन उतरली" म्हणतात, मी एक पाय टेकून उभा राहतो. चेन बसवताना खडखड होते. मला नुसतं माणूस जमिनीवर बसल्याचं ऐकू येतं. थोड्या वेळाने म्हणतात, "बसली." डाव्या हाताला मलम चोळतात, त्याचा वास मागे माझ्यापर्यंत येतो.

इतकी वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेल्या माणसाला हे काय आहे ते कळत नसेल? माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

परवा विचारलं, "दादा, बरं वाटतंय ना?" म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" पुढे माझ्याने विचारवेना. घरी त्यांचं कोणी नाही. रिटायर झाल्यावर कुठेही सायरन वाजला की हात आपोआप खिशात किल्ली शोधतो, असं एकदा सांगत होते. मागे कोणी बसलेलं असलं तरच त्यांना माणसात असल्यासारखं वाटतं. मी "तुमच्याने होत नाही" म्हटलं तर काय उरेल त्यांच्याकडे?

रविवारी घाट. चढाची मला काळजी नाही, मी ओढीन. उताराची भीती वाटते. ब्रेक त्यांच्या हातात आहेत.

उद्या बोलतो. रोज म्हणतो, उद्या बोलतो.

टिल्लू

(बाई, मी आहे तसं लिहून दिलं. मला विचाराल तर मी आत्ताच जाऊन चार शब्द सुनावले असते. यांनी शपथ घातली म्हणून गप्प आहे. रविवारपर्यंत हे दोघं एकमेकांना जपत बसले तर मी शपथ मोडणार, तुम्हाला सांगून ठेवते.)

---

शनिवार, १६ फेब्रुवारी

ड्रायव्हरदादा,

हे पत्र तुमच्यासाठी आहे. त्याला वाचून दाखवू नका.

तुमच्या छातीत दुखतं. आजचं नाही, निघाल्यापासून दुखतंय. आणि तुम्ही मला काय कळवलंत? तुमचा भाऊ थकलाय, त्याला बोलावून घ्या. मी मूर्खासारखी विश्वास ठेवून बसले. त्याला खोटं लिहिलं. तुम्हाला उतरायचं होतं आणि उतरायला माझ्या भावाचा खांदा हवा होता, असंच ना?

मी त्याला लहानपणापासून हाताला धरून वाढवलंय. रस्ता ओलांडताना मी आधी, तो मागे. आजवर त्याला कुठे खरचटू दिलं नाही. तो हात मी फाटकात सोडला आणि त्याला तुमच्या पाठीमागे बसवलं. त्याच्या डोळ्यांच्या जागी तुम्ही आहात. ते डोळे उतारावर मिटले तर त्याला कळणारही नाही की पुढे वळण आहे.

तुम्हाला कोणी नाही म्हणून हे असं वागलात का? मग ऐका, मलाही दुसरं कोणी नाही.

मिळेल तिथे थांबा. लाज वाटत असेल तर माझ्या नावावर खपवा. बहीण भांडकुदळ आहे म्हणा. पण सायकलवरून उतरा.

त्याची
ताई

---

रविवार, १७ फेब्रुवारी
मुक्काम : घाटाखालच्या गावातलं हॉस्पिटल

प्रिय ताई,

आधी हे : मी ठीक आहे, दादा आहेत. आज रविवार, वर्कशॉप बंद, म्हणून फोन केला नाही. सकाळी करीन, मालकाला घड्याळ बघू दे. पण तोपर्यंत मला गप्प बसवत नाही, म्हणून बघायला आलेल्या किचनवालीला पुन्हा धरून बसवलंय.

सकाळी चढायला लागलो. सगळे पुढे निघून गेले, त्यांचे आवाज वळणामागे विरले. मग नुसते आम्ही. मी पायडल मारत राहिलो, मनात काही न आणता. घामाने डोळे चुरचुरत होते, नसलेले डोळेही चुरचुरतात बरं का. दादा मधूनमधून "वळण" म्हणायचे, तेही पुटपुटल्यासारखं. मग वारा चारी बाजूंनी यायला लागला, म्हणजे माथा आला. सायकल थांबली.

"टिल्लू, उतर."

"चेन?"

"चेन नाही. मी."

मी उतरलो. ते कठड्याला टेकून खाली बसल्याचं ऐकलं. म्हणाले, "छातीत आवळतंय. आजचं नाही, व्यायामशाळेपासूनचं. समोर उतार दिसतोय. दिसतोय म्हणजे, मधूनच दिसत नाहीये. या उतारावर मी तुला नेणार नाही."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय माहीत होतं?"

"तळपायाला कळत होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही का नाही बोललात?"

यावर ते हसायला गेले आणि हसणं मध्येच थांबलं. मी हात लावला तर शर्ट थंडगार ओला. त्यांचा हात हातात घेतला, तो माझ्या हातात नुसता पडून राहिला. सामानाचा ट्रक मागून यायचा होता, पण कधी, ते कोणाला ठाऊक.

आणि मला खालून इंजिन ऐकू आलं. जड गाडी, दुसऱ्या गिअरमध्ये, आमच्याच बाजूने वर येत होती. मी उठलो. डांबर पायाला लागेपर्यंत गेलो, मग आणखी पुढे, अंदाजाने रस्त्याच्या मधोमध. दोन्ही हात वर केले. मागून दादा ओरडत होते, "बाजूला हो! टिल्लू, बाजूला हो, दिसत नाही तुला?" त्यांच्या अंगात ओरडायला जोर आहे म्हणून मला बरंच वाटलं. इंजिन मोठं झालं, हॉर्न वाजला, वाजतच राहिला, मग ब्रेक किंचाळले आणि गरम हवा तोंडावर आली. मी हात खाली घेतले नाहीत.

रिकाम्या बाटल्यांचा ट्रक होता. ड्रायव्हर खाली उतरून शिव्याच द्यायला लागला, "आंधळा आहेस का?" म्हटलं, "हो. आणि ते तिकडे बसलेत त्यांना हॉस्पिटलात न्यायचंय." शिवी अर्ध्यावर टाकून धावला बिचारा. दोघांनी मिळून दादांना केबिनमध्ये बसवलं. उतारभर बाटल्यांचा खणखणाट आणि दादा अर्ध्या शुद्धीत त्याला सांगतायत, "वळणाआधी गिअर टाक, वळणात नको."

सायकल कठड्यालाच राहिली. किचनवाली म्हणते, सामानाच्या ट्रकने ती उचलून आणली.

डॉक्टर म्हणाले, एक शीर बंद होत आली होती. आणखी सायकल चालवली असती तर वाटेतच संपलं असतं. आता तारा लावून झोपवलंय. मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलंय. इथून त्यांच्या यंत्राची टिकटिक ऐकू येते.

ताई, मी ती मोजत बसलोय.

टिल्लू

---

बुधवार, २० फेब्रुवारी
हॉस्पिटल

ताईंना नमस्कार.

पडून लिहितो आहे, अक्षराची माफी असावी.

तुमचं शनिवारचं पत्र काल मिळालं. टिल्लू शेजारच्या स्टुलावर होता. कागदाचा आवाज ऐकून म्हणाला, ताईचं ना? वाचा. मी म्हणालो, हे माझं आहे.

तुम्ही लिहिलंत त्यातला एक शब्दही चूक नाही. मला उतरायचं होतं, आणि मीच उतरलो असं दिसायला नको होतं. सगळी हयात मी दुसऱ्यांच्या छातीत दुखलं की गाडी काढली. माझ्या छातीत दुखलं तर कोणाला हाक मारायची ते ठाऊक नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगतो.

डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. सायकलही नाही, मोटारही नाही. ठीक आहे. खरं सांगतो, ऐकल्यावर वाईट वाटण्याआधी आराम वाटला. फार दमलो होतो.

आता मुद्दा. आपल्या सायकलवाल्यांत एक दातांची डॉक्टरीण आहे, तिचे गुडघे पक्के आहेत. ती म्हणते, माझी सायकल ट्रकमध्ये टाकते आणि टिल्लूच्या पुढे मी बसते. आयोजक गाडीने त्यांना पुढच्या मुक्कामाला नेऊन सोडतील. त्याची इच्छा आहे. माझ्यापासून लपवतो आहे, पण काल झोपेत पाय हलवत होता. जात मात्र नाही. "तुमच्याजवळ कोण थांबणार?" हेच धरून बसलाय. मी ओरडून बघितलं, नर्सने मलाच गप्प केलं.

मागे मी तुम्हाला त्याला परत बोलवा म्हणून लिहिलं होतं. आता त्याला जा म्हणून सांगा असं लिहितो आहे. पहिलं माझ्यासाठी होतं. तुमचा विश्वास बसणार नसेल तर तेही बरोबर आहे.

आपला
ड्रायव्हर

---

रविवार, २४ फेब्रुवारी
हॉस्पिटल

प्रिय टिल्लू, आणि वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

परवा तुला गाडीत बसवून परत वर आले, तर नर्सने जिन्यातच अडवलं. "तुम्ही यांच्या कोण?" आता काय सांगू? म्हटलं, "माझा भाऊ यांच्या मागे बसायचा." तिने वहीत काहीतरी खरडलं. मग म्हणाली, "बरं, बहीण समजते." मी नाही म्हटलं नाही. आत जाऊन सांगितलं तर दादा म्हणाले, "चला, या वयात बहीण मिळाली, तीही भांडकुदळ."

पहिला दिवस आम्ही दोघं फारसं बोललोच नाही. तुझ्या जागी थांबायला मी आले ती रागातच आले होते. तू होतास तोवर राग बाजूला ठेवला, तू गेल्यावर पुन्हा उचलणार होते. पण माणूस पांढऱ्याफटक चादरीत इतका लहान दिसतो रे. ते माफी मागायला लागले, मागतच राहिले, शेवटी मीच म्हटलं, पुरे, यंत्र वाजेल.

मालकाने आठ दिवसांची सुट्टी दिली. दिली म्हणजे, मी घेतली. तो म्हणाला, कॉलरचं काय? म्हटलं, मुलं उघड्या गळ्याची राहतील आठ दिवस. असं बोलायला मी कुठे शिकले कोण जाणे. मग दादांना आपल्या घरी नेते. डॉक्टर म्हणतात, काही दिवस एकटं ठेवू नका. तुझ्या खोलीत राहतील तुझा प्रवास संपेपर्यंत, पुढचं पुढे बघू. तुला विचारायचं राहिलं, पण तू नाही म्हणणार नाहीस.

तू निघताना पायरीवर म्हणालास, "ताई, खरंच जाऊ?" मी नीट उत्तर दिलं नाही, बॅगेची चेन लावत बसले. आता देते. मी तुला कायम हाताला धरून चालवलं. तू रस्त्याच्या मधोमध एकटा जाऊन उभा राहिलास हे फोनवर ऐकलं तेव्हा वर्कशॉपमध्ये मी मटकन खाली बसले. आधी भीतीने. मग कशाने ते मलाही कळलं नाही. जा. शेवटपर्यंत जाऊन ये. हे मला कोणी लिहायला सांगितलेलं नाही.

डॉक्टरीणबाई, एवढं तुमच्यासाठी. दादांनी सांगितलंय, मी तसंच उतरवतेय. खड्डा गेल्यावर "खड्डा" म्हणू नका, आधी म्हणा. "सांभाळ" म्हणू नका, त्याला राग येतो आणि उपयोगही नसतो. चढाला तो तुमच्यापेक्षा जास्त ओढेल, ओढू द्या. उताराला मात्र गप्प बसू नका. काहीही बोला, दातांचं बोला. वेग त्याला कळतो, पण पुढे माणूस आहे की नाही हे त्याला आवाजावरूनच कळतं. "शेवटच्या दिवसांत मी उतारावर बोलत नव्हतो," असं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता ते झोपलेत. मी बाकावर पाय पसरून बसलेय. खूप दमलेय मी, टिल्लू. तूही दमला असशील. डॉक्टरीणबाईंना पत्र मिटायला सांग आणि झोप. सकाळी तुम्हाला निघायचंय.

तुझी
ताई